ट्रॅम्पोलिनवरून दिसलेलं मृग

हिल्सबरो, ऑकलंड
२० फेब्रुवारी २०१६

तीर्थरूप बाबा,
दक्षिण गोलार्धातून साष्टांग नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? पट्टी निघेपर्यंत हट्टानं वाचू नका, पत्र आई वाचून दाखवेल.

काल जेवणं झाल्यावर श्रियाला मृग नक्षत्र दाखवायला मागच्या अंगणात गेले. तुम्ही गच्चीवर शिकवलंत तशी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिले, तर मृग सापडेचना! ट्रॅम्पोलिनवर लोळणारी श्रिया म्हणाली, "आई, बिहाइंड यू!"

वळले. उत्तरेला मृग होतं, पण चक्क उलटं! तारे तेच, बाबा. या गोलावर मीच वेगळीकडे उभी आहे. आकाशाला वर-खाली नसतंच. पृथ्वी जिकडे ओढते, ते आपलं खाली. शाळेत पाठ केलेलं काल अंगावर काटा आणून गेलं.

मग श्रियाशेजारी आडवी झाले आणि डोकं ट्रॅम्पोलिनच्या कडेवरून खाली सोडलं. मृग सरळ! अगदी आपल्या गच्चीवरचं.

आई, पुढचं वाक्य बाबांना वाचून दाखवू नकोस. डोळ्यांतलं पाणी गालांवर न येता कपाळाकडे वाहत गेलं.

तुमची,
मृणालिनी