धाकटीच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

ती. वन्सं,

तुमच्या थोरल्या भावजयीचा नमस्कार. (वाकून करणार होते, पण कंबर धरली आहे. का धरली ते ओघाने येईलच.) तुमचा खांदा कसा आहे? शेकत जा, आणि जड पिशव्या जावईबापूंच्या हातात देत जा, त्यांना तेवढाच व्यायाम. इकडे सगळे ठणठणीत. तुमचे मोठे बंधू जेवतात, झोपतात आणि मधल्या वेळात ‘मला काय विचारतेस’ म्हणतात, म्हणजे प्रकृती उत्तम. धाकटे भाऊजी छान आहेत. धाकटीही छान आहे. ती नेहमीच छान असते. पत्रास कारण तीच.

तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही दोघी जावांनी एकाच शोरूममधून, एकाच कंपनीची, एकाच रंगाची गाडी घेतली. (रंग आधी मी पसंत केला होता. मग तिला ‘अगंबाई, मलाही हाच आवडला’ झालं. असो.) आईंना गुडघ्यासाठी दर गुरुवारी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे न्यावं लागतं, ते काम पहिल्यापासून माझं. दुपारी चष्म्याच्या दुकानातून तासाभराची सवलत घ्यायची, आईंना त्यांच्या दारातून उचलायचं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. आई शेजारी बसून शाळेतल्या गोष्टी सांगायच्या. कुठल्या इन्स्पेक्टरला त्यांनी कसं गप्प केलं, कुठली बाई वर्गात डुलक्या काढायची, सगळं अगदी आवाज काढून. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आठवडाभर मी लोकांना ‘खालची ओळ वाचा’ एवढंच म्हणत असते हो. माझ्याशी कुणी मनापासून बोलायचं ते गुरुवारीच.

आणि एका रविवारी सगळे जेवायला जमलो असताना धाकटी पाणी वाढता वाढता म्हणाली, आमची गाडी एकवीसचं अ‍ॅव्हरेज देते हं. कुणी विचारलं होतं का? नाही. त्यावर तुमचे बंधुराज, ज्यांना घरातला बल्ब गेलेला महिनाभर दिसत नाही, ते ताबडतोब म्हणाले, आमची तेरा. आईंनी घास खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘मग गुरुवारी मी हिच्याबरोबरच जात जाईन. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?’

पेट्रोलचं माहीत नाही, वन्सं, मी मात्र जळले. तुमच्यापासून काय लपवायचं? त्या रात्री भांडी अशी काही घासली की कढईचं बूड चकाकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पंपावर गेले. तिथे साध्या पेट्रोलच्या शेजारी प्रीमियम पेट्रोल मिळतं, आणि वर पाटीवर एक गाडी ढगांतून उडताना दाखवली आहे. पंपावरच्या बाईंना म्हटलं, उडणारं भरा. महिनाभर तेच भरलं. इंजिनाचा आवाज गोड झाल्यासारखा वाटला, गाडी हलकी पळतेय असं वाटलं, माझी त्वचासुद्धा जरा उजळली असं वाटलं. हिशेब केला तर अ‍ॅव्हरेज तेराच. तेव्हा तुमचे बंधू गाडीबरोबर आलेलं पुस्तक मिटत शांतपणे म्हणाले, की या इंजिनाला साधंच पुरतं, भारी पेट्रोलचा उपयोग त्याची गरज असलेल्या इंजिनांना, असं यात पहिल्या दिवसापासून छापलंय. मग महिनाभर बोलला का नाहीत? तर म्हणे, तू विचारलं नाहीस! वन्सं, तुमच्या आईने तुम्हाला वाढवलं आणि यांनाही वाढवलं, तरी एवढा फरक कसा?

त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं, की फरक पडतो तो चालवणाऱ्याच्या पायामुळे. अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबा, लांबचं बघून आधीच पाय काढा, ब्रेक कमीत कमी लावा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, गाडीत फालतू वजन नको. (धाकटी गावाबाहेर राहते, तिला मोकळा रस्ता. मी बाजारात राहते, मला दर दुकानापाशी एक सिग्नल. हे पुस्तकात नव्हतं, मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय.) झालं! मी त्या पुस्तकाबरहुकूम चालवायला लागले. इतकी हळुवार, की एक दूधवाला सायकलवरून पुढे गेला आणि जाता जाता ‘ताई, धक्का मारू का?’ असं विचारून गेला. मागचे हॉर्न वाजवायचे, मी काच वर करायची. एसी बंद. घामाने पदर भिजायचा, पण आकडा चढत होता. चौदा झाले, पंधरा झाले.

मग डिकी रिकामी केली. आत आईंची घडीची खुर्ची, व्यायामाची चटई, शेकायची पिशवी, छत्री आणि एक जाडजूड उशी होती. सगळं एकटीने ओढून काढलं (कंबर ती इथे) आणि यांच्या हाती आईंकडे पाठवून दिलं. निरोप दिला होता, की वजन कमी करतेय, वाईट वाटून घेऊ नका. यांनी दारात सामान ठेवलं आणि निरोप गिळला. मग पुढच्या गुरुवारी ते सगळं सामान धाकटीच्या डिकीत दिसलं. आणि एवढं वजन घेऊनसुद्धा मेलीची गाडी एकवीसच देत होती!

गेल्याच्या आधीच्या गुरुवारी धाकटीला सर्दी झाली. (देव तिला बरं करो. घाई नाही.) आईंनी मला फोन केला. मी उडतच गेले, म्हणजे अर्थात ताशी तीसने. आईंना बसवलं. त्या सुरुवातीला जरा गप्प होत्या, मग शाळेच्या शिपायाची काहीतरी गंमत सांगायला लागल्या, तर मी म्हटलं, आई, एक मिनिट, चढ आहे. पुढे म्हटलं, आई, थांबा, सिग्नल येतोय. मग त्या बोलल्याच नाहीत. मी डोळे समोरच्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर लावलेले. पोचलो तर व्यायामवाल्या बाईंनी पुढच्या पेशंटला घेतलेलं. आम्ही जिन्यात बसलो. मी म्हटलं, आई, अठरा!

‘अठरा काय?’

मी सगळं सांगितलं. पेट्रोल, पुस्तक, दूधवाला, डिकी. आईंनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, ‘अगं वेडे, पेट्रोलचं मी आपलं तोंडदेखलं बोलले. तू कचकन ब्रेक मारलास की माझा गुडघा समोरच्या खणावर आपटायचा. रात्रभर ठणकायचा. तुला सांगणार कसं? तू एवढी काम सोडून यायचीस. आज पहिल्यांदा आपटला नाही. पण खुर्ची परत पाठवलीस ना, तेव्हा मला वाटलं, तुलाच माझा कंटाळा आला.’

वन्सं, मी भर जिन्यात रडले. वर्षभर त्या माउलीने माझ्या शेजारी बसून गुडघा धरून गमती सांगितल्या, आणि मी आपली हसत होते. आता गुरुवार पुन्हा माझा झालाय. एसी लावते, आकड्याकडे बघत नाही, ब्रेक मात्र फुंकर घातल्यासारखा लावते.

खांद्याला जपा. जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचीच,
थोरली

ता. क. धाकटीने फोन करून माझं अठराचं कौतुक केलं आणि विचारलं, जाऊबाई, कशाने हो वाढलं? मी म्हटलं, प्रीमियम पेट्रोल. ती कालपासून तेच भरतेय. पुस्तक तिच्याकडेही आहे, वाचू दे की.

ता. क. २. गुरुवार माझा झाला हे खरं, पण परवा आई गाडीत बसल्या त्या थेट उतरेपर्यंत, धाकटी किती सुरेख गाडी चालवते, वळणावर पोटातलं पाणी हलत नाही, हेच सांगत होत्या. शाळेचा एक शिपाईसुद्धा आला नाही मध्ये. म्हणून खरं काम आता लिहिते. येत्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास आईंना फोन करा. त्या माझ्या शेजारी असतील, मी स्पीकर लावीन. इकडचं तिकडचं बोलून झालं की सहज विचारा, ‘आई, दोघींत चांगली गाडी कोण चालवतं गं?’ सहज हं. मी सांगितलंय हे कळता कामा नये.

ता. क. ३. आईंच्या तोंडून ‘धा’ निघालाच, तर फोन कट होईल. त्या रस्त्याला रेंजचा फार त्रास आहे.