आडावरची फरशी

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझे दातही तुमच्यामागं निघून गेले. तरी वरून विमानाची घरघर आली की मी अजून भिंत धरतो. नातवंडं हसतात. हसू देत मेली, त्यांना काय ठाऊक मी कशाला भितो ते.

निजामाच्या राज्यातले, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. बिदरच्या बाहेर लाल मुरमाच्या माळावर सरकारी अनुदानातून विमान उतरायची पट्टी झाली. तुम्ही मजुरांचे मुकादम, मी तिथलाच कारकून. आपल्या चिंताकी गावची शेती भावकीवर सोपवून आपण दोघं बापलेक पट्टीजवळच्या मैलूरला एका खोलीत राहत होतो. काम संपलं, मजूर गावोगाव पांगले, आणि उरला एक कागद, काम पुरं झाल्याचा. हैदराबादहून इंजिनियर येणार, पट्टी बघून सही करणार, की दप्तर बंद. तुम्हाला उर्दू येत नव्हती, म्हणून तुम्ही सांगायचात अन् मी लिहायचो. 'पट्टीतला जुना आड तळापासून मुरमानं भरला' हेही तुम्ही सांगितलं म्हणूनच लिहिलं, आणि खाली तुम्ही सही केलीत.

साहेब यायच्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपाशी भाकरी मोडत बसला होतात. वर न बघताच म्हणालात, "त्या आडात मी मुरूम टाकला न्हाई."

"कामून?"

"पाणी जितं हाय. वस्तीतल्या बायांनी पाण्यातल्या आसरांची शेवटची ओटी भरली, रडल्या. जित्या पाण्याच्या तोंडात माती कशी कोंबायची? सागवानी तुळया टाकल्या, त्यावर शहाबादी फरशी, वरून हातभर मुरूम."

"अन् विमान आलं म्हंजे? माणसं असतेत त्यात, अप्पा."

"म्हणूनच झोप न्हाई मला. आज साहेबाला सांगून टाकावं म्हणायलोय."

मी तुमचे पाय धरले. खोट्या कागदापायी दोघंही तुरुंगात सडू, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप ऱ्हावा, असं बरंच बडबडलो. तुमचं तोंड मी बंद केलं, हे मुद्दाम लिहितोय.

साहेब कागद वाचत वाचत नेमका आडाच्या जागी येऊन थांबला आणि त्यानं बूट आपटला. मला तो आवाज पोकळ वाटला, त्याला काय वाटलं देव जाणे. म्हणाला, इथं एकदा दगडी रूळ फिरवून दाखवा. तो रूळ ओढायला चार बैलजोड्या लागायच्या, विमानाहून जड असेल. बैल हाकणारा पुढं झाला, तर तुम्ही त्याच्या हातातला कासरा घेतलात. "तू हो बाजूला. पोराबाळांचा माणूस हाईस."

"तुम्हाला न्हाई व्हय पोर, मुकादम?" तो हसला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी कागदाकडं बघितलं.

अजून दिसतंय मला. आठ बैल फरशीवर जातायत, त्यांच्यामागं तुम्ही, तुमच्यामागं रूळ. खाली काहीतरी करकरतंय. बैल कान टवकारतायत, तुम्ही हळू आवाजात त्यांना चुचकारताय. नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं मला. मी कागद धरून उभा राहिलो.

फरशीनं पेललं. तुम्ही पलीकडं गेलात, साहेबानं सही केली, दप्तर बंद झालं. पुढं तिथं विमानंही उतरली, उडाली, कुणाला काही झालं नाही. तुम्ही मरेपर्यंत त्या दिवसाचं चकार शब्दानं बोलला नाहीत. एकदाच, बैलांना पाणी दाखवताना, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "भ्यालास व्हय रे? भ्यावं माणसानं."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे औषधांच्या डब्यात. तुम्हाला वाटलं असेल, पोरगं भीतीनं थिजलं म्हणून हाक मारली नाही. तसं नव्हतं, अप्पा. तुम्ही फरशीवर पाय ठेवलात तेव्हा साहेबाला सांगायचं वाक्य मी मनात उर्दूत जुळवत होतो. 'मला यातलं काही ठाऊक नव्हतं, सगळं वडिलांनी केलं.' तुम्ही पलीकडं पोचायच्या आत ते बिनचूक जुळलं होतं.