गच्चीवरचा गाळ

प्रिय जान्हवी,

फोन सोडून आईने पत्र का लिहिलं, असं म्हणशील. तुझा फोन आला की तुझे बाबा तो स्पीकरवर टाकायला लावतात आणि मध्येच तुला दुधीची खबर देत बसतात, म्हणून. आत्ता ते गच्चीवर आहेत, तेवढ्यात लिहून घेते. वैतागलेय गं मी, अगदी नको नको झालंय.

गेल्या जुलैत नदी सोसायटीत शिरली, ते तुला ठाऊक आहेच. पूर्वीही यायची, पण पायऱ्या भिजवून परत जायची. आता महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळतो आणि नदी तळ खरवडून वर आणते. पाणी ओसरलं तर आवारात गुडघाभर काळा गाळ. सगळे नाकाला रुमाल लावून उभे, आणि तुझ्या बाबांचा चेहरा मात्र खुललेला! गावी पुराचा गाळ शेतात आला की आजोबा त्यावर नारळ वाढवायचे, म्हणून ह्यांनीही दहिसरमध्ये, कचऱ्याच्या गाडीसमोर, नारळ वाढवला. मग बादल्या भरभरून गाळ गच्चीवर. लोक आधी हसले, पण दुधी लोंबायला लागले तशी तळमजल्यावरच्या नलिनीताईंनीसुद्धा दोन घमेली मागून नेली.

त्यांची इरावती पवईला पर्यावरणाचं शिकते. तिने सहज म्हणून ती माती तपासायला नेली आणि चेहरा पाडून परत आली. नदीकाठचा एक कारखाना बंद पडून जमाना झाला. त्याचं तेल, बंदी आलेली कीटकनाशकं, सगळं तळाच्या चिखलाला चिकटून पडलं होतं. ते लवकर कुजत नाही, पाण्यात विरघळत नाही. ह्या नव्या तऱ्हेच्या पावसाने ते उपसून आपल्या दारात आणलं. शिवाय हल्लीच्या उन्हात गच्ची तापली की थोडं हवेतही उडतं म्हणे. भोपळ्यासारख्या वेली ते मुळांतून ओढून घेतात. माणसाच्या अंगात गेलं की चरबीत घर करून बसतं, आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. एकदा नाही, रोज सांगते. म्हणतात, आमच्या लहानपणी घराच्या भिंतींवर डीडीटी फवारायचे, मेलो का आम्ही? म्हणतात, इतक्या वर्षांत त्याचा दम गेला असेल. इरावतीने समजावलं, तर तिलाच शेपूची जुडी दिली. कपाळ माझं! नलिनीताईंनी आपल्या कुंड्या मुकाट्याने रिकाम्या केल्या. आमचे हे मात्र नवीन मांडव बांधतायत. मी एक वेल उपटली तर दोन दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मीही हसले असते. पण ते सगळं तुझ्यासाठी लावलंय गं. बाळंतिणीला दुधी, बाळंतिणीला शेपू, दिवसभर हाच जप. त्यांच्या ह्या मायेचाच मला राग येतो.

म्हणून सांगते, सातव्या महिन्यात तू इथे येऊ नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ह्या खेपेला राहू दे. मीच नाशिकला येते, तुझ्या सासूबाईंशी मी बोलेन. बाबांना मात्र तू स्वतः सांग. मी सांगितलं तर भांडतील. तू सांगितलंस तर ऐकतील, आणि मग नुसते गप्प बसतील. ते गप्प बसलेले मला बघवणार नाहीत. रविवारी सकाळी मी मासे आणायला बाजारात जाते, तेव्हा त्यांना फोन कर.

तुझीच,
आई