चोवीस चित्रांची चाल

४ नोव्हेंबर

फाइल परत! तिसऱ्यांदा. उन्नती मॅडम म्हणाल्या, "जोतीराम, तुझा माणूस हवेत तरंगतोय. वजन कुठाय?" मला विचारतात — मला! सकाळभर वाशी मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहतो मी, दुपारी अ‍ॅनिमेशनचा क्लास. शनिवारी स्टुडिओवाले येणार, एकालाच घेणार. नववी नापासला परत कोण विचारतंय? नाहीतर जन्मभर गोणी.

५ नोव्हेंबर

आबांची, माझ्या बापाची, चाल काढतोय. पंचवीस वर्षं याच मार्केटात माथाडी होते. लकवा मारल्यापासून दोन वर्षं गावी खाटेवर, बोलणंही बंद. पण चाल डोळ्यांत आहे — पाठीवर गोणी, मान वाकडी, डावा पाय जरा उशिरा. चोवीस चित्रं. शेवटचं पहिल्याला जुळलं की माणूस चालतच राहतो.

६ नोव्हेंबर

जुळलं!! मॅडमनी बारा वाजता वर्गातल्या स्क्रीनवर लावलं, तसंच चालू ठेवलं. बाजूच्या बाकावरचा शिवतेज म्हणतो, "अरे, म्हाताऱ्याला पाणी तरी पाज!" सगळे हसले.

दोनला आईचा फोन. "जोत्या, आबा उठल्यात! अंगणात चालाय लागल्यात!" मी तिथंच रडलो. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पर थांबनात रं. बारा वाजल्यापास्नं. हाक मारली तर बघतबी न्हाईत. पाठीवर कायतरी असल्यावानी वाकल्यात."

फोन कानालाच होता. स्क्रीन बंद केली.

"बसल्यात बघ," आई म्हणाली.

परत लावायला नको होतं. लावलं. आई ओरडली.

७ नोव्हेंबर

मी क्लासला पोचायच्या आत मॅडमनी पुन्हा लावलेलं. आई सांगते, आबांचे तळवे फुटलेत. स्क्रीन बंद करून चित्रं पुसायला बसलो. हात होईना — आबाच पुसले गेले तर? मॅडम म्हणाल्या, "वेडा आहेस का? उद्या दाखवणार काय?"

मग सुचलं. गोणी उतरवून घ्यायची! पण भरली गोणी एकट्यानं उतरवायची नाही, कंबर जाते. दुसऱ्यानं येऊन पाठ द्यायची, गोणी त्याच्या पाठीवर घ्यायची — आबांनीच शिकवलेलं. म्हणजे दुसरा माणूस काढायला हवा. मला आणखी एकच चाल येते. माझी.

८ नोव्हेंबर

नवीन चोवीस चित्रं जोडली. आबा ओट्यावर बसतात, गोणी घेऊन मी पुढं जातो. स्टुडिओवाल्यांनी तीनदा बघितलं. "दुसरा पोरगा तर जिवंत वाटतो." घेतलं मला! स्क्रीन चालू होती तोवर मला बसवेना, वर्गात येरझाऱ्या घालत होतो — खुशीनं असेल.

आईचा फोन. आबा भाकरी खातायत. दोन वर्षांनी बोलले — "जोत्या कुठाय?"

१० नोव्हेंबर

स्टुडिओचा पहिला दिवस. दारातच मोठ्या पडद्यावर माझी चाल, नुसती माझीच. आबांचा तुकडा कापलाय. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "हा बंद होत नाही हं, चोवीस तास चालू."

अक्षर वाकडं येतंय. पाय थांबेनात. चालता चालताच लिहितोय, सारसोळे गाव मागे गेलं, आता उलवे.