लोणी चालेल

१२ ऑक्टोबर, शनिवार

सुरुचीचा जर्मनीहून मेसेज! नणंदबाईंना नानकटाई करायचीय. "वहिनी, इथे वनस्पती तूप मिळत नाही, साजूक संपलंय, बेसनही नाही. इंडियन दुकान पार दुसऱ्या गावात. कशाऐवजी काय घालू? तुम्ही यातल्या पंडित!"

पंडित! पूर्वी मात्र—

असो. उत्तर दिलेलं नाही. बघू दे वाट.

१३ ऑक्टोबर

'मात्र'च्या पुढचं लिहून टाकते, म्हणजे डोकं शांत होईल.

लग्नानंतरची पहिली दिवाळी, बरखेड्याचं क्वार्टर. तेव्हा पीठ घरी मळायचं, ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायची आणि बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचं. मी तूप कढवायचा कंटाळा केला, ताजं लोणीच घातलं. लोण्यात पाणी असतं हे संस्कृत एम.ए.ला शिकवत नाहीत. नानकटाई वितळून, पसरून सगळी एक झाली. सुरुचीनं तो ट्रे न झाकता, चिठ्ठीसकट, कॉलनीभर मिरवत आणला. "बघा, वैजूवहिनींचे पापड!" मग वर्षभर शेजारच्या मिश्राभाभी — "क्यों वैजयंती, पापड़ कब खिला रही हो?"

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. तुकडा मोडला, चहात बुडवला, खाल्ला.

१४ ऑक्टोबर

शैलेंद्र म्हणतो, "सोड ना आता. किती जुनी गोष्ट!" बहिणीचा भाऊच तो.

पापड मी पचवलेही असते. पण दोन वर्षांपूर्वी तिनं सासूबाईंना जर्मनीला नेलं. "वहिनींना शाळेतून वेळ कुठे? तिकडे सोयी चांगल्या." निघताना आईंनी माझा पदर घट्ट धरला होता. सुरुचीनं एकेक बोट सोडवलं.

आता व्हिडिओवर आई विचारतात, "ह्या बाई कोण?" मागून सुरुची, हसत — "अगं, वैजूवहिनी!" "असं का. बरं आहे ना, बाई?"

बाई! एका स्वयंपाकघरात जन्म काढला आम्ही दोघींनी.

१५ ऑक्टोबर

उत्तर पाठवलं. अत्यंत गोड. "तुपाऐवजी लोणी चालेल. बेसन राहू दे, नुसता मैदा. साखर दळत बसू नकोस, दाणेदारच घाल. सोडा जरा सढळ हातानं."

संस्कृत व्याकरणात एका रूपाच्या जागी दुसरं आलं की ते पहिल्यासारखंच वागतं. लोणी वागत नाही. पण हे तिला कशाला सांगू? अभ्यासक्रमाबाहेरचं!

तिकडच्या मंडळाच्या दिवाळी मेळ्यात मिरवायची असणार. मिरव हो. ट्रे तेवढा झाकू नकोस.

१८ ऑक्टोबर

आज वर्गात कुणावरच रागावले नाही. मुली घाबरल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

फोटो आला!! काय तो ट्रे! कुठली नानकटाई कुठे संपते, कळत नाही. खाली — "वहिनी, सगळी पसरली हो. काय चुकलं असेल?"

मी लिहिलं, "अरेरे." आयुष्यात इतकं मनापासून अरेरे कधी म्हटलं नव्हतं. वर विचारलं, "भट्टी नवीन का गं?"

मग बाग सेवनियाच्या नाक्यावर जाऊन जिलबी आणली. शैलेंद्र म्हणाला, "काय विशेष?" म्हटलं, "दिवाळी."

२१ ऑक्टोबर

सुरुचीचा फोन. रडत होती. मेळा नव्हताच. आठवडाभर आई धड जेवत नव्हत्या. काय हवं विचारलं की एकच — नानकटाई. पसरलेली नानकटाई ती टाकून देणार होती. तेवढ्यात आईंनी तुकडा मोडला, चहात बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला. म्हणाल्या, "ही वैजूची. तिचीच अशी पसरते. कुठेय ती? बोलवा तिला."