बिंदगं माझ्या डोक्यावर

मुरुम,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत, पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तूच बोलतेस आणि मी हं हं करते, म्हणून लिहायला बसले. अव्वाचा खोकला थांबला. परवाच्या अमावस्येची, येळवशीची मिसळ भाज्यांची भज्जी उरली होती, ती काल सकाळीही खाल्ली.

बारावीनंतर पुण्याला तुझ्याच कॉलेजात, तुझ्याच खोलीत यायचं का, हे तू किती वेळा विचारलंस. सांगते. आधी येळवशीचं ऐक.

यंदा तू नव्हतीस, म्हणून आंबिलीचं बिंदगं आप्पांनी माझ्या डोक्यावर दिलं. ज्याच्या डोक्यावर मडकं त्याची आरोळी, बाकीच्यांची ओ, हे आपल्याकडं ठरलेलंच. मी तुझी हिरवी साडी नेसले. शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीभोवती फिरताना 'ओलगे ओलगे' ही आरोळीसुद्धा तुझ्यासारखीच दिली, शेवट लांबवून. शेजारच्या शिवम्मा आजींना आता दिसत नाही. त्यांनी बांधावरून विचारलं, "प्रिया आली व्हय?"

मला आवडलं ते. मग स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या फेरीला तुझा व्हिडिओ कॉल आला. "लीला, असं न्हाय, जोरात म्हण," म्हणत तू तिथूनच आरोळी दिलीस आणि सगळे फोनला ओ देऊ लागले. मडकं माझ्या डोक्यावर, मान माझी अवघडलेली, आणि ओ तुला. अक्का, तुझा इतका राग आला की बिंदगं तिथंच आपटावंसं वाटलं. तू काही वाईट केलं नव्हतंस. तू कधीच काही वाईट करत नाहीस, त्याचाही राग येतो.

मग रेंज गेली. मी तिसऱ्या फेरीला निघाले आणि ओरडले, माझ्या जाड्याभरड्या आवाजात, ज्याला शाळेत पोरी हसायच्या. आंबील साडीवर सांडली. आधी कोणीच ओ दिली नाही. मग आप्पांनी दिली, मग सगळ्यांनी.

शिवम्मा आजी म्हणाल्या, "ही प्रिया न्हाय. कोण हाय?"

"आमची लीला हाय, धाकटी," आप्पा म्हणाले.

तर पुण्याला मी येणार नाही. सोलापूरला जाईन. तिथं तुला कोणी ओळखत नाही.

तुझी साडी धुऊन ठेवली आहे. पुढच्या येळवशीला ती नेसून ये, कोपीत बस, पोटभर जेव. बिंदगं मागू नकोस. ओ मात्र मोठ्यानं दे, मला ऐकू आली पाहिजे.

शिवलीला