आईची गाडी, मागचा सेन्सर आणि कपाटातले चांगले कप

तीर्थरूप दाजींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो खरोखरच आडवं पडून घालतो आहे.) ताईची सर्दी आणि तुमचं पित्त, दोन्ही काबूत असतील अशी आशा. इकडे आईचे गुडघे सोडून सगळं ठीक.

तर कळवायला अत्यंत आनंद होतो की गाडी धुराच्या तपासणीत पास झाली. हे वाक्य ताईला मोठ्याने वाचून दाखवा, जमलं तर पुन्हा एकदा. मागच्या भेटीत डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा बघून तुम्ही म्हणाला होतात, ‘ही तपासणीत नापास होणार, विकून टाका, मी गिऱ्हाईक बघतो,’ आणि जेवण संपायच्या आत फोनवर बघितलंतही. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पण तुमच्या गाडीसारख्या उंच गाडीत आईला दोघांनी धरून चढवावं लागतं, आणि त्या भीतीने ती यायचंच टाळते. या बसक्या गाडीत ती एकटी बसते, एकटी उतरते. गाडी गेली असती तर आई घरातच बसली असती, आणि तेही कुरकुर न करता, याची मला जास्त धास्ती होती.

मेकॅनिकने यंत्र लावून सांगितलं, मागचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय. हा प्राणी धुराच्या नळीत नाक खुपसून बसतो आणि आत प्राणवायू किती उरलाय ते इंजिनला कळवतो (चुगलखोर म्हणा ना). आमच्या गाडीत असे दोन: एक इंजिनजवळ, दुसरा मागे, गाडीच्या पोटाखाली. मेकॅनिकला पुढच्या आठवड्याशिवाय सवड नव्हती आणि तपासणी तर शनिवारी. मग दुकानातून नवा सेन्सर आणून मीच गाडीखाली शिरलो. बराच वेळ इंजिनजवळच्या सेन्सरशी झटलो, तेव्हा पायरीवर बसलेली आई म्हणाली, “मागचा म्हणाला होता ना रे तो? मग तू पुढे काय करतोयस?” मागे सरकलो. तो पठ्ठ्या गंजून असा बसला होता की हलेना. इंजिन जरा तापवलं, गंज सुटायचं तेल मारलं, वायरसाठी खाच असलेला पाना लावला आणि सगळा जोर काढला. सेन्सर सुटला, बोट भाजलं. नवा सेन्सर खोक्यातून काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि बोट नळाखाली धरायला आत गेलो. इथेच घात झाला.

आमच्या घराण्याची रीत तुम्ही जाणताच: नवी वस्तू वापरायची नाही. (आमच्याकडचे चांगले कप, जावई असूनही, तुम्हाला लग्नानंतर कधी दिसले का?) आईने पाहिलं, कोरी करकरीत वस्तू धुळीत पडलीय. तिने ती उचलून कपाटात ठेवली. रिकामं खोकं बरं दिसेना, म्हणून जुना सेन्सर भांड्यांच्या घासणीने घासून, लख्ख करून, कोरडा पुसून त्यात घातला. मी आलो, खोक्यातला चकचकीत सेन्सर काढला आणि छाती फुगवून बसवला. दिवा ढिम्म.

मी थेट दुकान गाठलं. तिथे असा काही भांडलो की शेजारचा न्हावी एका गालावरचा साबण तसाच ठेवून बघायला आला. शेवटी दुकानदार शहानिशा करायला स्वतः घरी आला. परका माणूस पहिल्यांदाच घरी आलेला, म्हणून आईने चांगले कप काढले. एका कपात नवा सेन्सर उभा! दुकानदार म्हणाला, “माल माझाच आहे, पण इथे कसा?” आई म्हणाली, “जपून ठेवलाय हो. याच्या हाती काही टिकत नाही.” मी हात जोडून माफी मागितली. त्याने ती चहाबरोबर घेतली.

दुसऱ्या खेपेला नव्या सेन्सरचे आटे मुकाट फिरले. मेकॅनिकने यंत्राने जुनी तक्रार पुसली, दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. शनिवारी तपासनिसाने कागदावर शिक्का मारला तेव्हा मी त्याला मिठीच मारणार होतो. आईने आपलं आपण दार उघडलं, आत बसली आणि दार धाडकन लावून घेतलं. मला रडू आलं, दाजी. सांगायला लाज वाटत नाही.

तुमच्या गिऱ्हाइकाला म्हणावं, दुसरी गाडी शोध.

आपला विजयी मेहुणा

ता. क. – आईला आता रोज बाहेर जायचं असतं. सकाळी एका मैत्रिणीकडे, दुपारी दुसरीकडे (पहिलीबद्दल बोलायला), संध्याकाळी ‘नुसतं फिरून येऊ’. साहेबांनी काल विचारलं की मी अजून नोकरीत आहे का.

ता. ता. क. – ते गिऱ्हाईक अजून आहे का हो? आपलं सहज विचारतोय. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. आईला कळता कामा नये.

ता. ता. ता. क. – जावईबापूंना आशीर्वाद. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडेच दिलं. गाडी विकायची नाही. गिऱ्हाइकाला ड्रायव्हर हवा असेल तर सांगा. जुना आहे, पण घासून लख्ख करून खोक्यात घालून देते.
– सासूबाई